पाठमोऱ्या बाईचं वाक्य

रविवारी दुपारी माझी लेक सई सोफ्यावर पाय पसरून जुन्या इंग्रजी कादंबऱ्यांवरच्या मालिका बघते, आणि तेवढा वेळ मी घरभर फिरत असते. कपाट उघडते, बंद करते, वाळलेले टॉवेल पुन्हा वाळत घालते. “आई, बस ना गं एका जागी,” ती म्हणते, “सगळ्या मूडची वाट लावतेस.” तो मूड मला तोंडपाठ आहे. समुद्रकाठी वाऱ्यात उभं दगडी घर, तुसडा पण देखणा मालक, तिथे कामाला आलेली गरीब आणि करारी मुलगी, आणि वरच्या मजल्यावर एक बंद दार. दर काही वर्षांनी कोणीतरी या गोष्टी नव्याने काढतं. मेणबत्त्या वाढतात, पडदे भारी होतात, मालकाची दाढी येते-जाते. त्यातल्या एका कादंबरीच्या चार निरनिराळ्या मालिका मी पाहिल्या आहेत, चारही उभ्याने. शेवटच्या भागात वरच्या मजल्यावरची बाई गच्चीच्या कठड्याशी पाठमोरी उभी राहते, तेव्हा मात्र मी हातातलं टाकून पडद्यासमोर येते. मला एक वाक्य ऐकायचं असतं. ते एकदाच आलं होतं, पुन्हा कधी आलं नाही. ते मूळ पुस्तकातही नाही, हे मला चांगलं ठाऊक आहे. ते आमच्या मुलुंडच्या घरातून गेलं होतं.

मुलुंडचं घर म्हणजे दुसऱ्या मजल्यावर एक हॉल, एक स्वयंपाकघर आणि गॅलरी बंद करून केलेली एक चिंचोळी खोली. गिरणी बंद पडल्यावर आबा, म्हणजे माझे वडील, कांजूरमार्गला एका कारखान्यात टाइमकीपर म्हणून लागले होते. माणसांच्या येण्याजाण्याच्या वेळा बघायचं काम असल्यामुळे की काय, घरातही ते सतत कोण किती वाजता कुठे असायला हवं ते सांगत. आई गिरणगावात असताना कामगारांच्या नाटकात उभी राहायची. तिचा आवाज ऐकून कोणीतरी तिला अंधेरीच्या एका स्टुडिओत नेलं, आणि तेव्हापासून ती परदेशी मालिकांना मराठी आवाज द्यायला लागली. पवईमार्गे जाणाऱ्या बसमध्ये खिडकीशी बसून ती तलावाकडे बघत वाक्यं पुटपुटायची आणि शेजारची बाई हळूच उठून दुसरीकडे बसायची, असं ती हसत सांगे. जगातल्या जेवढ्या इंग्रज स्वयंपाकिणी आणि फटकळ मावश्या मी पाहिल्या, त्या सगळ्या आमच्या आईच्या आवाजात बोलल्या. सकाळी भाकरी थापता थापता ती म्हणायची, “सरकार, मिस बाईसाहेबांची घोडागाडी आली,” आणि त्याच दमात, “गॅस बारीक कर गं, तिखलं लागेल खाली.” बांगड्याच्या तिखल्याचा वास आला की अजूनही मला घोडागाडी आठवते.

गॅलरीच्या खोलीत सुलूआत्या राहायची. आबांची धाकटी बहीण. लग्नानंतर दोनच वर्षांत नवऱ्याने तिला माहेरी आणून सोडलं, ते पुन्हा कधी न्यायला आला नाही. गावी आजी होती तोवर ती तिच्याजवळ राहिली, आजी गेल्यावर आमच्याकडे आली. तिला काय झालं होतं त्याला डॉक्टरांकडे नाव असेल, आमच्याकडे नव्हतं. कोणाला इजा करायची नाही, जेवायची, केस विंचरायची, कावळ्यांशी मालवणीत बोलायची. पण बसायची नाही. गॅलरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सात पावलं, की वळायचं आणि परत सात पावलं, असं तास न् तास. शिवाय मधेच हसायची. ते हसू खोल कुठेतरी सुरू व्हायचं, चढत जायचं, आणि वर जाऊन तुटायचं. मग एक लांब श्वास. बाहेरच्या माणसाला ऐकवत नसे ते. म्हणून पाहुणे आले की गॅलरीच्या दाराला बाहेरून कडी घालायची, असा आमच्या घरचा रिवाज होता. पाहुणे जिना चढू लागले की आबा माझ्याकडे बघत आणि मी कडी घालत असे. लहानपणापासून ते काम माझं. कोणी मला त्याबद्दल कधी वेगळं काही सांगितलं नाही, आणि मीही कधी विचारलं नाही.

त्या वर्षी मी एकोणीस वर्षांची होते आणि माझ्यासाठी स्थळं बघणं सुरू झालं होतं. मला लग्न हवं होतं की नको, ते माझं मलाच कळत नव्हतं. फक्त या घरातून बाहेर पडायची घाई झाली होती. कॉलेजातून आले की मी जिन्यात उतरायचे, पुन्हा चढायचे, उगाचच नाक्यापर्यंत जाऊन यायचे. “गॅलरीतलीचाच वारा लागलाय,” असं आबा एकदा म्हणाले. मी त्यांच्याशी दोन दिवस बोलले नाही, कारण भीती मला त्याचीच वाटायची. बोरिवलीचं एक स्थळ आबांच्या मनात भरलं होतं. मुलगा पवईला नोकरीला, घर स्वतःचं, माणसं शिकलेली. जेवताना आबा एक दिवस ताटाकडे बघत म्हणाले, “ह्यांचं जमलं तर सुलूला गावी चुलतभावाकडे पाठवू. तिथे मोकळी हवा आहे.” आईने कढी वाढायची थांबवली. त्या चुलतभावाचं घर आम्ही पाहिलं होतं. गोठ्यालगत एक खोली होती, तिला खिडकी नव्हती. तिथे गेलेली आत्या परत येणार नाही, हे ताटावर बसलेल्या तिघांनाही कळलं. आई काही बोलली नाही. मीही नाही, आणि माझं न बोलणं तिच्यापेक्षा वाईट होतं, कारण मला मनातून हायसं वाटलं होतं.

नेमकी त्याच सुमारास त्या कादंबरीवरची एक मालिका डबिंगसाठी अंधेरीला आली. दगडी घर, वारा, मालक, हुशार मुलगी, सगळं होतं. वरच्या मजल्यावर कोंडलेली बाई या गोष्टीत मालकाची सख्खी बहीण होती. तिचा आवाज आईला मिळाला. आई खूश होऊन घरी आली, कागद चाळले आणि तिचा चेहरा पडला. “अगं, हिला एकसुद्धा वाक्य नाही,” ती म्हणाली. “नुसतं हसायचं, कण्हायचं, श्वास सोडायचे.” त्यातून डबिंग करवून घेणारे राजवाडेसर तिच्या हसण्यावर खूश नव्हते. “बाई, हे नाटकातलं हसू आहे. मागच्या रांगेतल्या प्रेक्षकाला ऐकू जावं म्हणून हसताय तुम्ही. ही बाई एकटी हसते आहे,” ते म्हणाले. आईने आठवडाभर घरात हसून पाहिलं. कुकरच्या शिट्टीबरोबर हसली, भांडी घासताना हसली. खालच्या मजल्यावरच्या काकू वर येऊन विचारून गेल्या, आज सुलूला जास्त आहे का.

पुढे जे झालं ती कल्पना माझी होती. आईने सांगितलं नव्हतं. मी आमचा टेपरेकॉर्डर आत्याच्या पलंगाखाली सरकवला, बटण दाबलं आणि सोसायटीच्या सेक्रेटरींची नक्कल करायला लागले. पोट पुढे, चष्मा नाकावर. आत्याला माझी ती नक्कल फार आवडायची. ती हसली, आणि मग आपल्याच हसण्यावर पुन्हा हसली. सगळं कॅसेटवर आलं. मी ते आईला ऐकवलं तेव्हा ती आधी माझ्याकडे बघत राहिली. तिचा हात माझ्यावर उठेल असं वाटलं. मग म्हणाली, “परत लाव.” दोन दिवस ती कॅसेट कानाशी धरून बसली आणि तिसऱ्या दिवशी अंधेरीला जाऊन तिने ते हसू जसंच्या तसं उतरवलं. राजवाडेसर काचेपलीकडून ‘झकास’ म्हणाले. घरी येऊन आईने मला हे सांगितलं, आणि चहा न घेता गॅलरीत जाऊन आत्याच्या डोक्याला तेल लावत बसली.

ज्या रविवारी त्या हसण्याचा भाग टीव्हीवर लागणार, त्याच रविवारी बोरिवलीची माणसं मला बघायला आली. ही आमच्या नशिबाची खोड. सकाळपासून घरात गडबड. पाहुणे येणार म्हणून मासळी नाही, म्हणून आत्या नाराज. मी साडी नेसून तिच्याकडे गेले, तिच्या पुढ्यात पोह्यांची बशी ठेवली. ती माझ्या साडीकडे बघून म्हणाली, “बरी दिसतंस गो.” मी बाहेर आले आणि कडी घातली. त्या वेळी हात थरथरला वगैरे, असं लिहिता आलं असतं, पण तसं काही झालं नाही. मला पदर सांभाळायचा होता.

मुलगा बरा होता, थोडा लाजणारा. त्याची आई गप्पिष्ट. पोहे झाले, चहा झाला, मला काय काय येतं ते विचारून झालं, आणि घड्याळाकडे बघत त्या एकदम म्हणाल्या, “अहो, राग मानू नका, पण जरा टीव्ही लावता का? ती मालिका सुरू झाली असेल. आज वरच्या मजल्याचं काहीतरी कळणार आहे.” आई टीव्हीवर आवाज देते हे आबांनी त्यांना सांगितलं नव्हतं; लग्न ठरेपर्यंत कशाला, असं त्यांचं मत. आता टीव्ही लावू नका तरी कसं म्हणणार. टीव्ही लागला. हुशार मुलगी दिवा घेऊन जिना चढत होती. आई कपबशा गोळा करता करता थांबली. बंद दाराआडून हसू आलं, खोलातून चढत जाणारं, वर जाऊन तुटणारं. मुलाच्या आईने पदर तोंडाशी नेला. आणि ते टीव्हीवरचं हसू संपायच्या आत गॅलरीतून तस्संच दुसरं हसू आलं. आत्याला वाटलं असावं, कोणीतरी आपल्यासारखी बाहेर आहे. तिने तिला उत्तर दिलं.

“अय्या, आवाज दोनदा येतोय का?” मुलाच्या आईने विचारलं. आबांनी पापणीसुद्धा हलवली नाही. “शेजारचा टीव्ही,” ते म्हणाले. “भिंती पातळ आहेत हो इथल्या. सगळ्या बिल्डिंगीत हेच लावलेलं असतं.” पाहुण्यांना ते पटलं, का नाही पटणार? मुलगा म्हणाला, “मजा आहे, सगळीकडून ऐकू येतं,” आणि सगळे हसले. मीसुद्धा हसले. आईने मात्र कपबशा तशाच खाली ठेवल्या आणि स्वयंपाकघरात निघून गेली. संध्याकाळी पसंतीचा निरोप आला. आबांनी गावी पत्र टाकलं, आणि मालिका संपते त्या रविवारच्या दुसऱ्याच दिवशी चुलतभाऊ आत्याला न्यायला येणार असं ठरलं.

पाहुणे गेल्यावर मी कडी काढली. आत्या दाराशीच उभी होती, येरझारा न घालता, हे मी पहिल्यांदा पाहत होते. “ती बाय नुसतीच हसता,” ती म्हणाली. “बोलणा नाय?”

“तिला वाक्यच नाही दिलेलं, आत्या.”

“कोणी?”

“ज्यांनी लिहिलं त्यांनी.”

आत्याने बराच विचार केला. तिच्या कपाळावर आठ्या पडल्या. “एकदा इचारूचा तरी तिका,” ती म्हणाली, “काय सांगता ती.” मग वळली आणि तिची सात पावलं सुरू झाली. आई माझ्या मागे ओल्या हातांनी उभी होती. किती वेळ उभी होती कोणास ठाऊक.

डबिंगच्या धंद्यात एक सोय असते, ती आईने मला फार पूर्वी सांगितली होती. माणूस समोरून बोलत असेल तर त्याच्या ओठांच्या हालचालीत आपलं मराठी बसवावं लागतं, आणि मराठी काही केल्या मावत नाही. पण तो पाठमोरा झाला की तोंड दिसत नाही, मग त्याच्या तोंडी काहीही घालता येतं. राजवाडेसर अर्ध्या गोष्टी पाठमोऱ्या माणसांकडूनच सांगवून घेत. शेवटच्या भागात ती वरची बाई गच्चीच्या कठड्याशी पाठ करून उभी असते, खाली दारात भाऊ असतो, आणि कागदावर फक्त एवढंच होतं: वारा, श्वास. त्या दिवशी राजवाडेसर दुसऱ्या कामात होते. आवाज रेकॉर्ड करायला मनोरीचा आग्नेल होता, सज्जन आणि घाईत. त्याला खाडीपलीकडे घरी जायला मार्व्याची बोट गाठायची असायची. आई माइकसमोर उभी राहिली, श्वास घेतला आणि बोलली. आग्नेलने हेडफोन काढून विचारलं, “वहिनी, हे कागदावर आहे?” आई म्हणाली, “आहे.” उभ्या आयुष्यात आई खोटं बोललेली मला हे एकच माहीत आहे.

शेवटच्या रविवारी आईने मासळी आणवली, आत्याला न्हाऊ घातलं आणि तिला हॉलमध्ये आणून टीव्हीसमोर तिच्यासाठी खुर्ची मांडली. “आज कशाला?” आबा म्हणाले. “उद्या जाणार आहे ना ती,” आई म्हणाली, “बघू दे.” आत्याची ट्रंक दाराशी बांधून ठेवलेली होती. मी एकदा खिडकीशी, एकदा दाराशी, अशी फिरत होते. आत्याही बसेना, म्हणून आम्ही दोघी उभ्याच होतो. गोष्ट नेहमीच्या वळणांनी गेली. आग लागली, धावपळ झाली, हुशार मुलगी अंगणात पोहोचली. ती बाई कठड्याशी गेली, पाठमोरी, केस वाऱ्यावर. खाली भाऊ ओरडून तिला मागे हो म्हणत होता, अगदी शुद्ध पुस्तकी मराठीत. आणि मग ती बाई, त्या इंग्रज समुद्राकडे तोंड करून, आमच्या आत्याच्या आवाजात आणि आत्याच्या बोलीत म्हणाली, “माका कोणी इचारूक नाय.”

एवढंच. मग वारा. आत्याने टाळी वाजवली नाही, हसलीही नाही. “हां,” ती म्हणाली, “आता बोलली,” आणि एखादं काम उरकल्यासारखी खुर्चीत बसली. मी तिला अशी बसलेली पाहून तिच्याकडे बघतच राहिले. आबा टीव्हीकडे बघत होते. नावांच्या पाट्या सरकून संपल्या, बातम्या लागल्या, तरी बघत होते. मग त्यांनी टीव्ही बंद केला, आईकडे पाहिलं, आणि तिने नजर खाली घेतली नाही. मला वाटलं, आता घरात भांडण होणार. आबा उठले. एक स्टूल ओढून बहिणीसमोर बसले. त्यांना ते अवघड जात होतं, ते मला त्यांच्या मानेवरून दिसत होतं.

“सुलू,” ते म्हणाले, “गावाक जातलस?”

“नाय,” आत्या म्हणाली.

तिला उत्तर शोधावं लागलं नाही. इतके दिवस ते तयारच होतं. आबांनी मान हलवली, ट्रंकेची दोरी सोडली, आणि चुलतभावाला येऊ नको म्हणून सांगायला खाली पोस्टात तार करता येते का ते बघायला निघाले. रविवार आहे हे त्यांच्या लक्षातच नव्हतं. सोमवारी चुलतभाऊ आला, बांगडे खाऊन परत गेला.

पुढची गोष्ट फार गोड नाही. आबा स्वतः बोरिवलीला जाऊन सगळं सांगून आले. “कळवतो,” ते लोक म्हणाले, आणि कळवलं नाही. मी आठवडाभर रडले. मुलासाठी नाही, पण हुकलं याचं रडू आलं, खोटं कशाला सांगू. राजवाडेसरांनी आईला पुन्हा बोलावलं नाही. तिच्या इंग्रज स्वयंपाकिणी दुसऱ्या कोणाच्या तरी आवाजात बोलू लागल्या आणि आई म्हणायची, “तिला घोडागाडी नीट म्हणता येत नाही.” मी शेवटी बोरिवलीतच दिले गेले, दुसऱ्या घरात, जिथल्या माणसांना आबांनी पहिल्याच भेटीत गॅलरी दाखवली होती. आत्या शेवटपर्यंत मुलुंडला राहिली. हसायची, फिरायची. बरी वगैरे झाली नाही. पण रोज सकाळी कामावर निघताना आबा गॅलरीच्या दारात उभे राहून विचारत, “सुलू, आज भात की भाकरी?” ती कधी सांगायची, कधी नाही. ते तिच्या उत्तरासाठी थांबायचे. जन्मभर दुसऱ्यांच्या उशिरावर बोट ठेवणारा माणूस त्यापायी कित्येकदा स्वतः उशिरा पोचला.

मागच्या रविवारी सईच्या पडद्यावर ती बाई पुन्हा कठड्याशी आली. नवी नटी, खरी आग, संगीत फार. मी टॉवेल हातात घेऊन पुढे झाले. वारा आला, श्वास आला, आणि नेहमीसारखं काही आलं नाही. या वेळी मीच ते वाक्य म्हणाले, मोठ्याने. सईने मालिका थांबवली. “हे काय होतं?” तिने विचारलं. इतक्या वर्षांत मला पहिल्यांदाच कोणीतरी विचारत होतं. मी टॉवेल बाजूला ठेवला आणि तिच्याशेजारी बसले. म्हटलं, “आमच्या घरी गॅलरीला बाहेरून कडी होती. ती मी घालायचे.”